कट्टा, नाका, फूटपाथ : नागर जागा आणि मराठी शब्द

नगररचनेच्या अलीकडील विवेचनात 'सर्वसमावेशक जागा' ही संज्ञा वारंवार योजिली जाते. रस्ता, चौक, उद्यान, बाजार ही स्थळे स्त्री-पुरुष, वृद्ध-बालक, धनिक-निर्धन अशा सर्वांस सारखीच खुली असावीत, हा तिचा आशय. ही संज्ञा येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत अशा स्थळांची शब्दसंपदा नांदत आली आहे: ओटा, पार, चावडी, चव्हाटा, कट्टा, नाका. नगररचनाकारांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही, आणि साहित्यसमीक्षेने तिला बहुधा वातावरणनिर्मितीचे साधन मानले. वस्तुतः यांतील प्रत्येक शब्दात कोणी बसावे आणि कोणी केवळ पुढे जावे, याविषयीचा एक अलिखित नियम दडलेला आहे.

चार वाटा मिळतात ते स्थळ, एवढाच 'चव्हाटा' या शब्दाचा साधा अर्थ. परंतु 'चव्हाट्यावर आणणे' या वाक्प्रचारात तो अब्रूशी जोडला गेला. जे सर्वांसमोर आले त्याची नाचक्की झाली, अशी ही भाषिक धारणा आहे. ओट्याची गोष्ट निराळी. तो घराचा असूनही रस्त्याकडे तोंड करून असतो. गुजरातीतील ओटलो, कन्नडमधील जगली, तमिळमधील तिण्णै, बंगालीतील रोक ही त्याचीच भावंडे होत. मात्र त्यावर कोणास बसवून घ्यावयाचे हे घरमालकाची जात आणि मर्जी ठरवीत असे. दीपेश चक्रवर्ती यांनी 'प्रोव्हिन्शिअलायझिंग युरोप' (२०००) या ग्रंथात कलकत्त्याच्या अड्ड्याची मीमांसा करताना त्याच्या पुरुषी स्वरूपाचीही दखल घेतली आहे. पाराविषयी वेगळे काय सांगावे!

'सार्वजनिक' हा शब्द या सर्व मर्यादा ओलांडील, अशी अपेक्षा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाली. तिची खरी कसोटी महाडास लागली. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले झाल्याचे जाहीर केले. तरीही तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पुढे विरोधक न्यायालयात गेले तेव्हा तळे खाजगी असल्याचा त्यांचा दावा होता, हे विशेष लक्षणीय आहे. बहिष्काराची रूढी अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, या निष्कर्षाने मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली तो वाद निकालात काढला. ठरावाने खुली झालेली जागा वापराने खुली होण्यास इतका काळ लागला. समावेशाचा विचार नकाशापासून सुरू करणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचणे अगत्याचे आहे.

'कट्टा' हा शब्द मात्र आधुनिक नगरात नव्याने रुजला. कन्नडमधील 'कट्टे'शी असलेले त्याचे साम्य उघड आहे. १९२५ साली खुल्या झालेल्या दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. मैदानाची हद्द दाखविण्यापुरती ही बुटकी भिंत आहे. पण तिची उंची बसण्याजोगी आहे, आणि मैदानाकडे किंवा रस्त्याकडे, हव्या त्या दिशेला तोंड करून तेथे बसता येते. तिकीट लागत नाही, चहाही मागवावा लागत नाही. न्यूयॉर्कमधील चौकांचे निरीक्षण करून विल्यम व्हाइट यांनी १९८० साली एक निष्कर्ष मांडला: जेथे बसावयास जागा असते तेथे लोक बसतात. निष्कर्ष हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. परंतु दुकानांच्या पायऱ्यांवर आणि कठड्यांवर लोखंडी खिळे ठोकणाऱ्यांना तो पुरता उमगलेला असतो. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी १९७१ सालच्या आपल्या ग्रंथात आवश्यक आणि ऐच्छिक व्यवहारांत भेद केला होता. कामासाठी मनुष्य कशाही रस्त्याने जातो. रेंगाळतो ते जागा चांगली असेल तरच. कट्टा ही केवळ रेंगाळण्याची जागा आहे, आणि तेच तिचे मोल.

पण रेंगाळण्याचा अधिकार कोणाचा? भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या पुस्तकाने हा प्रश्न त्या हेतूने विचारला नव्हता. तरी तो तेथे आहे. पुस्तकावर अश्लीलतेचे आरोप झाले, आचार्य अत्रे त्यावर तुटून पडले, आणि या गदारोळात त्यातील स्थळाचे रूप दुर्लक्षित राहिले. नाक्यावरच्या बेकार, अर्धबेकार तरुणांना घरात जागा नाही, गावात प्रतिष्ठा नाही. नाका हीच त्यांची बैठक. या अर्थाने नाका समावेशक आहे. परंतु मुली त्याच नाक्यावरून केवळ जातात. त्या थांबत नाहीत. बेकारांना सामावणारी जागा स्त्रियांना बाहेर ठेवते, आणि पाध्ये यांची बंबइया बोली ही दोन्ही सत्ये एकाच दमात सांगते. स्त्रिया थांबतात तो नाका वेगळा: सकाळी रोजंदारीच्या प्रतीक्षेतील मजुरांचा. तेथे त्यांच्या थांबण्याला कामाचे कारण असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या 'व्हाय लॉइटर?' (२०११) या मुंबईविषयक ग्रंथातील प्रतिपादन याच ठिकाणी येऊन भिडते. स्त्रीस घराबाहेर असण्याचे कारण सतत दाखवावे लागते; आणि यावरचा उपाय गरीब पुरुषांना रस्त्यावरून हटविणे हा नव्हे, असा लेखिकांचा आग्रह आहे. 'वासूनाका' या ग्रंथाशेजारी ठेवून वाचल्यास दोहोंवर नवा प्रकाश पडतो.

फूटपाथला शासकीय मराठीत 'पदपथ' म्हणतात. पायाने चालावयाची वाट, एवढाच व्यवहार हा शब्द मान्य करतो. नारायण सुर्वे यांच्या कवितेतील रस्ता मात्र चालण्यापुरता नाही. 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे शीर्षकच तेथे मिळालेल्या शिक्षणाकडे निर्देश करते. या दोन दृष्टींचा सामना पुढे सर्वोच्च न्यायालयात झाला. १९८१ साली मुंबईच्या पदपथवासीयांना हटविण्याचा निर्णय झाला; त्यातून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले. माणसे फूटपाथवर राहतात ती काम जवळ असते म्हणून, हे न्यायालयाने ओळखले. त्याच निकालाने फूटपाथ व्यापण्याचा हक्क कोणालाच नसल्याचेही ठरविले, आणि पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्यास मुभा दिली. निकालाचा पूर्वार्ध सुर्व्यांच्या रस्त्याचा आहे, उत्तरार्ध 'पदपथा'चा.

विक्रेत्यांच्या बाबतीतही शब्दच आडवा येतो. 'फेरीवाला' म्हणजे फेरी मारणारा. तो टोपली मांडून बसला की नावाप्रमाणेच अपराधी ठरतो. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक नगरात विक्री समिती अनिवार्य केली, तिच्यात विक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरविले. मराठीत या कायद्याबरोबर 'पथविक्रेता' हा शब्द आला. पथाशी त्याचे नाते आता फेरीचे नसून विक्रीचे आहे. बाजारात मात्र अद्याप 'फेरीवाला' हाच शब्द चालतो.