शहाणं कुत्रं

वाघ्या आमच्याकडे चार वर्षं होता. त्या चार वर्षांत आम्ही त्याला दोनदा 'शहाणा' म्हणालो. दोन्ही वेळा त्याचं काहीतरी बिनसलेलं होतं.

२०१७ साली श्रावणातल्या सोमवती अमावस्येला आम्ही जेजुरीला गेलो होतो. परतताना गडाच्या पायथ्याशी, नारळ-भंडाऱ्याच्या दुकानांमागे एक कुत्रं अंग चोरून बसलेलं दिसलं. मागचा पाय दुखावलेला आणि नाकापासून शेपटीपर्यंत पिवळंधमक. सासवडला घरी आणून दोन बादल्या पाण्यानं धुतलं तेव्हा कळलं की मूळ रंग राखाडी आहे. सासूबाई म्हणाल्या, "खंडोबाच्या दारातलं आहे, वाघ्याच म्हणा."

वाघ्या नावापुरताच. पहिले तीन आठवडे तो वॉशिंग मशीनच्या मागून फारसा हललाच नाही. भुंकणं नाही, चप्पल चावणं नाही, की घरात घाण नाही. बघायला येणारा प्रत्येक जण "किती शहाणं हो कुत्रं!" म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि तो डोळे मिटून घ्यायचा. लाड आवडतात म्हणून आम्हीही खूश. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या एक काकू एकदा दारातूनच त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, शहाणा कसला! भीतीनं गोठलाय तो. रिकामीच जीभ ओठांवरून फिरवतोय बघ. झोप नसताना जांभया देतोय."

त्या दिवसापासून पाहुणे बंद. मी त्याच्याकडे पाठ करून फरशीवर मेथी निवडत बसायचे, ताटली हातभर अंतरावर. हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही. नवं कुत्रं घरी आणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: पहिल्या आठवड्यात त्याचे फोटो काढू नका, आंघोळही लगेच घालू नका (आम्ही घातली, चुकलंच), आणि दत्तक घेतल्याचा सोहळा तर अजिबात नको. त्याला एक कोपरा द्या आणि विसरून गेल्यासारखं वागा.

चोविसाव्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. तिचं ते कर्कश गाणं सुरू झालं आणि मशीनमागून वाघ्या तीरासारखा निघाला. दारात जाऊन मान वर केली आणि गाणं संपेपर्यंत असा काही हेल काढून रडला की समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. मी मात्र हसून हसून खाली बसले. मग रोज सव्वासातला हा कार्यक्रम. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली, आम्ही दोनदा माफी मागितली.

आता दुसरी वेळ. २०२१च्या पावसाळ्यात तो दोन दिवस मलूल होता. जेवला नाही, अंग गरम लागत होतं. कुत्र्याचं शरीर मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान, तेव्हा हात लावून काही कळत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. घरातल्या पाकिटातली तापाची अर्धी गोळी पोळीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी तो शेपूट हलवत उठला. मी माझीच पाठ थोपटून घेतली.

नवरात्राच्या आसपास एका सकाळी घंटागाडी आली, वाजली आणि गेली. वाघ्या पायपुसण्यावर पडून राहिला, नुसता कान हलवला. यजमान चहा पिता पिता म्हणाले, "झाला एकदाचा शहाणा!" आम्ही सगळे हसलो. पुढचे आठ दिवस तो असाच शहाणा होता. नवव्या दिवशी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. एकाच नाकपुडीतून येत होते.

रात्रीच दिवे घाट उतरून पुण्याला नेलं. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. पोटावर, केस विरळ असतात तिथे, बारीक लाल ठिपके. प्लेटलेट ११ हजार. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर असतात. गोचीडताप. त्यांनी विचारलं, "तीन-चार महिन्यांपूर्वी दोन दिवस ताप येऊन गेला होता का?" मी मान खाली घातली.

हा ताप गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूचा. चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांत पहिला झटका येतो. उपचार झाले नाहीत तरी कुत्रं बरं झाल्यासारखं दिसतं. जिवाणू मात्र आत दबा धरून बसतो, महिनोन् महिने, आणि काही कुत्र्यांमध्ये शेवटी हाडातल्या मगजावर घाला घालतो, म्हणजे रक्त जिथे तयार होतं तिथेच. पहिल्या झटक्यातच रक्त तपासलं असतं तर डॉक्सिसायक्लिनचा महिनाभराचा कोर्स बहुधा पुरला असता. त्या गोळ्या फार महागही नाहीत. वाघ्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

लसींबद्दल सगळेच सांगतात, रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो. त्या द्याच. पण गोचीडतापाला लस नाही, तिथे आपले डोळेच कामाला येतात. आता घरात चिंगी आणि बंड्या आहेत, दोघंही रस्त्यावरचीच. फिरून आलं की मी त्यांचे कान उलटे करून आतल्या घड्या बघते. मग बोटांच्या बेचक्या, काखा, पट्ट्याखालची मान आणि शेपटीखाली. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची. नखानं चिरडायची नाही. रॉकेल लावणं, गुरांचं गोचिडीचं औषध अंदाजानं ओतणं, हे गावाकडचे उपाय कृपा करून करू नका, त्या औषधानं कुत्रं दगावू शकतं. आणि फक्त कुत्र्यावरच औषध लावून भागत नाही. मादी अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत, पायपुसण्याखाली, हजारोंनी.

माणसाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अंगदुखीसाठी आपण घेतो त्या आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडन्या निकामी होतात. माझ्या अर्ध्या गोळीनं वाघ्याला विषबाधा झाली नाही, पण तिनं मला गाफील ठेवलं, आणि चार महिने हातचे गेले.

कालनिर्णयच्या पानांमागे मी दोघांचं 'नेहमीचं' लिहून ठेवते. चिंगी दूधवाल्यावर भुंकते, बंड्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला ओट्यापाशी येतो. यातलं काही दोन दिवस झालं नाही की मी हिरड्या बघते. बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतायला हवा. नाही परतला, किंवा शंका आली, तरी गाडी काढायची. गेल्या वर्षी दोनदा उगाच घाट उतरून आले. डॉक्टर हसले, मला चाललं.

तुमच्याकडे कुत्रं असेल तर आज संध्याकाळी फिरवून आणल्यावर त्याचे कान उलटे करून बघा. आतली घडीसुद्धा.