णपती बाप्प!

अँड्रॉइड १२ (२०२१) पासून अॅप उघडताना दिसणारा पहिला पडदा फोनची सिस्टिमच आणते. तो काढून टाकता येत नाही. रंग आणि चिन्ह मात्र आपलं देता येतं. बेंगळुरूतल्या आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचं अॅप करताना हाताखालून गेलेली ही कृती.

साहित्य: अँड्रॉइड स्टुडिओ, व्हेक्टर स्वरूपातलं चिन्ह, दोन रंग.

कृती

१. प्रोजेक्टमध्ये कोअर-स्प्लॅशस्क्रीन लायब्ररी जोडा. म्हणजे अँड्रॉइड १२च्या आधीच्या फोनवरही असाच पडदा मिळतो.

२. चिन्ह २८८ डीपीच्या चौकोनात घ्या, पण चित्र मधल्या १९२ डीपी व्यासाच्या वर्तुळातच बसवा. बाहेरचं कापलं जातं. आम्ही हौसेने चौकोनभर ‘गणपती बाप्पा’ लिहिलं. फोनवर उरलं ‘णपती बाप्प’! अक्षरं बारीक केली तर वाचता येईनात. शेवटी मोदक काढला. चिन्हामागे रंगीत चकती हवी असेल, तर चौकोन २४० आणि वर्तुळ १६० डीपी धरा.

३. ‘थीम.स्प्लॅशस्क्रीन’वर बेतलेली नवी थीम करा. तिच्यात तीन गोष्टी भरा: पार्श्वभूमीचा रंग, चिन्ह आणि पडदा गेल्यावर लागणारी अॅपची नेहमीची थीम. ही तिसरी राहिली, तर अॅप उघडताक्षणी कोसळू शकतं. रंग एकच आणि अपारदर्शक घ्या.

४. मॅनिफेस्टमध्ये ही थीम पहिल्या अॅक्टिव्हिटीला लावा. तिच्या ऑनक्रिएटमध्ये सुपरच्या ओळीआधी ‘इन्स्टॉलस्प्लॅशस्क्रीन’ला कॉल द्या.

५. स्प्लॅशसाठी पूर्वी केलेली वेगळी अॅक्टिव्हिटी असेल तर काढा. नाहीतर एकामागोमाग दोन पडदे दिसतात.

६. डार्क मोडसाठी ‘व्हॅल्यूज-नाइट’ फोल्डरमध्ये दुसरा रंग द्या. पांढऱ्या मोदकामागे आम्ही दिवसा शेंदरी आणि रात्री गडद मरून ठेवला.

७. तपासताना अॅप पूर्ण बंद करा आणि होम स्क्रीनवरच्या आयकॉनवरूनच उघडा. नुसतं मागे ठेवलेलं अॅप पुढे आणलं, तर हा पडदा येतच नाही आणि आपण उगाच कोड उकरत बसतो.

टीप: चिन्हात अक्षरं नसली की आधी मराठी की कन्नड, हा वादही मिटतो. आमच्या मजल्यावर त्याच चित्राला कुणी मोदक म्हणतं, कुणी कडुबु.