आधी शिक्का पाहा

बेटा, यंदापासून वावर तुझ्या हाती आणि घरातला मोठा फोनही तुझ्याच हाती. सातबारा, पीक पाहणी, कापसाची नोंदणी, बँक, आजीच्या गोळ्या, सगळं आता त्यातूनच चालतं. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. कळंबच्या पोस्टात मी एकतीस वर्षं डाक वाटली. जे सांगतोय ते त्या खाकी थैलीतलंच आहे.

पत्र हातात आलं की मी पत्त्याच्या आधी शिक्का पाहायचो. काळ्या शाईचा गोल: पत्र कोणत्या पोस्टातून निघालं आणि कोणत्या तारखेला. पाठीवर आपल्या पोस्टाचा दुसरा गोल: इथं कधी पोचलं. एका म्हातारीला सुरतेहून मुलाचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं, मुलगा तापानं फणफणला होता. ती ओट्यावरच रडायला बसली. मग मी शिक्का पाहिला, तर पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं, कुठंतरी अडकून आलेलं. आणि आठवडाभर आधीच मी तिला त्याच मुलाची मनीऑर्डर दिली होती. कूपनावर त्याच्याच हातानं लिहिलेलं होतं, 'आता बरा आहे.' बातमी खरी होती, पण शिळी होती. त्या दिवसापासून तारीख सांगितल्याशिवाय मी कोणाला पत्र वाचून दाखवलं नाही.

फोनवर येणाऱ्या व्हिडिओला असा शिक्का नसतो. तो कुठून निघाला, कधीचा, हे तुलाच शोधावं लागतं. २०१८ साली मुलं पळवणारी टोळी फिरते म्हणून व्हिडिओ गावोगाव पोचले. त्यातल्या एका व्हिडिओचं मूळ कराचीत होतं. मुलांची काळजी घ्या, असं सांगण्यासाठी तिथं बनवलेली ती जाहिरात होती. शेवटी मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि पुढं पाठवला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्यानंतर व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं. पण बेटा, माणूस मारायला पाच ठिकाणं पुरतात.

आपल्याकडेही सुगी झाली की बहुरूपी येतात, गोंधळी येतात, पांगुळ येतो. तू गावच्या ग्रुपचा ॲडमिन आहेस. 'सावधान, गावात अनोळखी लोक' असा मेसेज आला तर तो काढून टाक, आणि टाकणाऱ्याला फोन करून विचार: तू स्वतः पाहिलंस का, कुठं, किती वाजता? खरंच पाहिलं असेल तर ११२ लावा, पोलीस येतील. राळेगाव-पांढरकवड्याकडे टी-१ वाघिणीचं भय होतं तेव्हाही असंच झालं. २०१८ च्या नोव्हेंबरात तिला गोळी घालेपर्यंत कुठल्या कुठल्या जंगलातल्या वाघांचे व्हिडिओ आपल्या धुऱ्यावरचे म्हणून फिरत होते. खऱ्या पावलांकडे मात्र लोकांचं लक्ष जात नव्हतं. आता तर अख्खा वाघ यंत्रात बनवता येतो म्हणतात. तेव्हा वाघाची खबर वनरक्षकाला विचारायची, ग्रुपला नाही.

आता पैशाचं सांगतो. इथं जरा थांबून ऐक.

मी हजारो मनीऑर्डरी वाटल्या. घेणाऱ्यानं काय करायचं? फॉर्मवर सही. सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. नोटा मी मोजून त्याच्या हातावर ठेवायच्या. पैसे घेणाऱ्यानं मला कधी एक पैसा मोजला नाही, की घरच्या पेटीची किल्ली दिली नाही. फोनवरचंही तसंच आहे. पिन लागतो तो पैसे जाताना, येताना लागत नाही. 'तुमच्या बैलाचे पैसे पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका' असं कोणी म्हणालं, तर तो तुझ्या पेटीची किल्ली मागतोय. ओटीपी म्हणजे त्या किल्लीचाच दुसरा दात.

पोस्टाच्या नावानं तर एक मेसेज सारखा फिरतो: तुमचं पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत या लिंकवर पत्ता भरा. ते वाचून माझ्या जिवाला लागतं. अपुऱ्या पत्त्याची पत्रं मी आयुष्यभर वाटली. 'चिंतामणीच्या देवळामागं' एवढ्यावर माणूस शोधला आहे. नाहीच सापडला तर 'पत्ता अपुरा' लिहून पत्र परत जायचं. त्यासाठी कोणाला लिंक पाठवली नाही की पैसे मागितले नाहीत.

आपल्या ओळीतल्या निवृत्त मास्तरांचं तुला माहीत आहे, पण पुरतं माहीत नाही. त्यांना फोन आला की तुमच्या नावाचं पार्सल मुंबईत पकडलंय, आत अमली पदार्थ आहेत. मग व्हिडिओवर वर्दीतला माणूस. मागं अशोकचक्र, टेबल, फाइली. म्हणाला, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, फोन बंद करायचा नाही, बायकोलाही सांगायचं नाही. मास्तर दोन दिवस आतल्या खोलीत बसून होते. काकूंनी आणलेला चहा दाराशी गार व्हायचा. ठेव मोडून पैसे भरले, तेव्हा ते बाहेर आले. इतक्या शिकलेल्या माणसानं मला विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पार्सल हा माझा विषय! मी म्हणालो असतो, मास्तर, पावती दाखवा. पार्सल पाठवणाऱ्याकडे पावती असते. पावती नाही तर पार्सल तुमचं नाही, बास.

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओवर अटक करत नाही, फोनवर पैसे मागत नाही. पण भीतीनं कान बंद झालेल्या माणसाला हे आठवत नाही. म्हणून तू एकच खूण धर. जो म्हणतो 'घरच्यांना सांगू नका', त्याचा फोन त्याच क्षणी ठेव आणि घरच्यांना सांग. पैसे गेलेच तर लाजून बसू नको, सायबर फसवणुकीचा नंबर १९३० लाव. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतो. मधल्याच खात्यात ते अडकवायचे असतात, म्हणून पहिला तास मोलाचा. मास्तर लाजेनं आठ दिवस गप्प राहिले.

आणखी एक. चलान, लग्नपत्रिका, किसान योजनेची यादी असं काही फाइल म्हणून आलं आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, तर बोट लावू नको. ती पत्रिका नसते, तो घरात शिरणारा माणूस असतो. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथीवर तो बंद पाडता येतो, पण त्याला फोनचा पंधरा आकडी नंबर लागतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की तो दिसतो. आजच वहीत लिहून ठेव. फोन गेल्यावर कुठून पाहशील?

जे फोनला तेच फवारणीच्या औषधाच्या बाटलीला. २०१७ चा पावसाळा तुला आठवत नसेल, लहान होतास. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. उकाडा, घाम, हातात जोराचे चार्जिंगचे पंप आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र. आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात शेकडो लोक होते. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली जवान पोरं मी तिथं पाहिली. प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. तो आधी पाहायचा. दुकानदार 'हे आणि ते मिसळा' म्हणाला तरी लेबलवर लिहिलं नसेल तर मिसळायचं नाही. वाऱ्याच्या पाठीनं चालायचं, दुपारी फवारायचं नाही, डोक्याच्या वर गेलेल्या पिकात शिरायचं नाही. मजूर गरगरतंय म्हणाला तर पाणी पाजून सावलीत बसवून ठेवू नको. कपडे काढ, अंग साबणानं धू, १०८ लाव आणि बाटली सोबत ने. उतारा त्या लेबलवरच छापलेला असतो, डॉक्टर तेच विचारतात. आणि डुकरांसाठी कुंपणात कधी करंट सोडू नको. पीक गेलेलं चालेल. रात्री पाण्याची पाळी द्यायला निघालेला शेजारी त्या तारेला चिकटला तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि साल असतं. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, अशा चार अक्षरांच्या चार तिमाह्या. ती तपासणीची मुदत उलटून गेली असेल तर तो सिलिंडर दारातूनच परत कर. हेल्मेटवर आयएसआयचा छाप पाहा. महामार्ग आता चौपदरी झालाय, गाड्या कशा येतात ते तू पाहतोसच.

तू मागं विचारलंस, आबाजी, तुम्ही रोज जगाच्या बातम्या का ऐकता, आपल्याला काय त्याचं? बेटा, आपला भाव कळंबात ठरत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसात युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबलं आणि भाव कोसळला. चढत्या भावावर कर्ज काढलेले लोक बुडाले. आता २०२५ चं पाहा. १९ ऑगस्टला सरकारनं बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के कर उठवला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, म्हणजे तिकडं जाणारं कापड अडलं. आपली वेचणी सुरू व्हायच्या आधीच आपल्या कापसाचं असं झालं. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, पण सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी होती. ज्यांनी ती वेळेत केली नाही त्यांनी मिळेल त्या भावात दिला.

म्हणून दोन बातम्या रोज ऐक: कर कोणता लागला-उठला आणि खत कुठून येणार. डीएपीचा मोठा हिस्सा बाहेरून येतो. तिकडं अडलं की पेरणीच्या तोंडावर इकडं लिंकिंगचा तगादा सुरू होतो, 'हे घ्या तरच ते मिळेल.' आधी कळलं तर आधी भरता येतं. ॲपवरची नोंदणी मात्र स्वतः कर. दुसऱ्याच्या हाती फोन आणि आधार देऊन चहा प्यायला जाऊ नको. चुकारा त्याच खात्यावर येणार आहे.

तुझ्या मित्राला थायलंडला कॉम्प्युटरची नोकरी लागतेय म्हणालास. पगार मोठा, मुलाखत फोनवर, व्हिसा पर्यटकाचा. त्याला थांबव. अशाच बोलावण्यानं गेलेली आपल्या देशातली पोरं सीमेपलीकडं म्यानमारमध्ये नेली गेली, पासपोर्ट काढून घेतले आणि फोनवरून लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून अशा पाचशेहून जास्त जणांना परत आणावं लागलं. मास्तरांना दोन दिवस कोंडून ठेवणारा तो वर्दीवाला स्वतःच कुठं कोंडलेला असेल, असं मला कधीकधी रात्री वाटतं. एजंट परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. मित्राला आपल्या घरी जेवायला बोलाव, मी बोलतो त्याच्याशी.

शेवटची गोष्ट तारेवरून सुचली. तार आली की लोक ती न उघडताच रडायला लागायचे. माझी सायकल वेळी-अवेळी दिसली की बाया पदर तोंडाला लावायच्या. मी दारातच सांगायचो, आधी वाचू द्या. कितीतरी वेळा आत लिहिलेलं असायचं, मुलगा झाला, किंवा नोकरी लागली, किंवा उद्याच्या गाडीनं येतो. १४ जुलै २०१३ ला तार बंद झाली, पण तो धसका फोनमध्ये येऊन बसलाय. आता तर आवाजाची नक्कल होते. उद्या आजीला फोन येईल, अगदी तुझ्या आवाजात: आजी, वर्ध्याला अपघात झाला, आबाजींना सांगू नको, या नंबरवर पैसे पाठव. आजी आवाज ओळखेल आणि पाठवेल.

मनीऑर्डर द्यायची असली आणि माणूस नवा असला तर मी त्याला गावातलंच काहीतरी विचारायचो, जे फक्त घरच्याला माहीत असेल. तसं आपण करू. घराचा एक शब्द ठरवू. पैशाचा, दवाखान्याचा, पोलिसाचा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा. तुझ्या बापानं फोन केला तरी, मी केला तरी. फोनमध्ये लिहायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही, लहान्यांनाही पाठ करायला लावायचा.

शब्द मी ठरवलाय. इथं लिहीत नाही. संध्याकाळी आजीला घेऊन चिंतामणीला जाऊ. पायऱ्या उतरून खाली गेलो की कान जवळ आण.