आधी उत्तरपत्रिका, मग भांडण

अगं, निकाल लागल्यापासून तू धड जेवत नाहीस आणि आईला वाटतंय तुला बरं नाही. ये, बस जरा. राग खोटा नाहीये तुझा, पण तो नुसता घरात काढून मार्क वाढत नाहीत.

दाद मागितली तर सर डूख धरतील, ही भीती आधी काढून टाक. कारखान्याला ऊस घातला की आपले आबा काट्याची पावती निरखून बघतातच ना? त्यात काटेवाल्याचा अपमान कुठे होतो? चुका मोठ्या ठिकाणीही होतात. २०१७ साली मुंबई विद्यापीठात ऑनलाइन तपासणीचा असा घोळ झाला, की निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं.

आता मला नीट सांग, तक्रार नेमकी कशाची? मार्क कमी पडले ही एक गोष्ट. परीक्षेला बसूनही गैरहजर दाखवलं किंवा प्रॅक्टिकलचे गुण चढलेच नाहीत, ही दुसरी. आणि हजेरीवरून टर्म नाकारली, मूळ कागदपत्रं अडवून ठेवली, फी परत दिली नाही, ही तिसरी. तिन्हींची दारं वेगळी. चुकीच्या दारात उभं राहून मुदत घालवणारेच जास्त असतात बघ.

तुझं दुखणं पहिलं. देवळाली प्रवरातलं असो की नगरमधलं, आपल्या जिल्ह्यातलं साधं बीए-बीएस्सीचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे येतं. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव, मग पुनर्मूल्यांकन. परिपत्रकातली शेवटची तारीख आजच बघून ठेव, ती गेली की रडून उपयोग नाही. प्रत हातात आली की बेरीज स्वतः कर. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, पुरवणी जोडलेली आहे का, आतले गुण पहिल्या पानावर तसेच उतरलेत का, हे बघ. मग विषयाच्या मॅडमना दाखव आणि खरं सांगायला सांग. त्या म्हणाल्या, ‘एवढेच बसतात गं’, तर पैसे वाचव आणि अभ्यासाला लाग.

आज आपण सहज प्रत मागतो, पण हे सहज मिळालेलं नाही. १९८० च्या परीक्षेनंतर महाराष्ट्र बोर्डाचे विद्यार्थी उत्तरपत्रिका बघायला मिळाव्यात म्हणून कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. पुढे माहिती अधिकार कायदा आला आणि ९ ऑगस्ट २०११ ला सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच आहे आणि ती परीक्षार्थीला बघता येते. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. मात्र उत्तरपत्रिका जपून ठेवायची मुदत संपायच्या आत अर्ज कर. तपासणाऱ्याचं नाव तुला कळणार नाही. आणि माहिती अधिकारानं पेपर दिसतो, मार्क वाढत नाहीत, हेही ध्यानात ठेव.

तिसऱ्या प्रकारासाठी यूजीसीचे एप्रिल २०२३ चे नियम आहेत. विद्यार्थी तक्रार निवारण समिती ठेवणं कॉलेजला बंधनकारक आहे. समितीनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. नुसते मार्क वाढवा म्हणून तिथे जाऊ नकोस, ऐकून घेणार नाहीत. निकालच बदलेल अशी गडबड किंवा भेदभाव झाल्याचं दाखवता आलं, तरच जा. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या तुझ्या मैत्रिणीला मात्र हे जसंच्या तसं सांगू नकोस. त्यांचा कायदा वेगळा, त्यांनी आपल्या परीक्षा विभागात विचारावं.

अर्ज एका पानात बसव. नाव, पीआरएन, आसन क्रमांक, विषयाचा कोड, काय झालं, कोणत्या तारखेला, आणि तुला काय हवंय. ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं दहा वेळा लिहू नकोस, एकदा पुरावा जोड. दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर त्याला काही अर्थ नसतो. संचालक काकांचा फोन लावायला अण्णांना सांगू नकोस, आणि ‘मार्क वाढवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या सावलीलाही उभी राहू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईल म्हणून बॅकलॉगचा फॉर्म भरायचा थांबू नकोस. तो लांबला आणि फॉर्मची तारीख गेली, तर अख्खं सत्र हातचं जाईल. दोन्ही फॉर्म भर, अभ्यास सुरू ठेव. मार्क वाढले तर चांगलंच, नाही वाढले तरी तयारी झालेली असेल. चल, आता जेवून घे आणि परिपत्रक उघड.