स्टिअरिंगच्या व पाट्यांच्या नटांचा बंदोबस्त

बैलगाडी जुंपण्यापूर्वीं आंसाच्या टोकाची खीळ हातानें चाचपून पाहण्याची चाल आपल्या वाडवडिलांत होती. खीळ गळून पडली तर चाक निसटेल व गाडी उलटेल, हें कोणास शिकवावें लागत नसे. आज शेतावर ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जीप आल्या. जुनी खीळ गेली, परंतु तिचें काम गेलेलें नाहीं. तें आतां स्टिअरिंगच्या दांड्यांवरील व पाट्यांवरील लहानशा नटांकडे आलें आहे. हे नट गाडीखालीं चिखलांत दडलेले असल्यामुळें चाचपून पाहण्याची चाल मात्र सुटली.

गेल्या ऊसहंगामांत प्रस्तुत लेखकानें आपला ट्रॅक्टर धुऊन घेतला, तेव्हां टाय रॉडच्या एका टोकाला स्प्लिट पिनऐवजीं वांकवलेला खिळा आढळला. खिळा झिजून अर्धा झाला होता व नट बोटांनीं फिरत होता. त्याच ट्रॅक्टरनें आदल्या दिवशीं भरलेल्या दोन ट्रॉल्या कारखान्यावर पोंचविल्या होत्या, आणि परत येतांना मजुरांचीं मुलें ट्रॉलींत बसलेलीं होतीं. त्या दिवसापासून या विषयाची नीट माहिती करून घेतली. ती शेतकरीबंधूंपुढें ठेवतों.

नट सुटतो कां? बोल्ट कसला म्हणजे तो अत्यंत थोडा ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें दोन्ही भागांस एकमेकांवर दाबून धरतो. या दाबानें आट्यांत जें घर्षण उत्पन्न होतें, तेंच नटास जागेवर ठेवतें. खड्ड्यांच्या धक्क्यांनीं जोडलेले भाग आडवे सरकूं लागले, म्हणजे तें घर्षण क्षणोक्षणीं नाहींसें होतें व नट किंचित् किंचित् उलटा फिरतो. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनीं १९६९ सालीं प्रयोगांच्या आधारें दाखवून दिलें कीं, उभ्या ओढीपेक्षां अशा आडव्या हालचालीनेंच नट लवकर सुटतो.

यावरून दोन कामें वेगळीं ओळखावीं. पहिलें काम सांधा घट्ट ठेवण्याचें. तें योग्य कसणीनें होतें. दुसरें काम कसणी गेली तरी नट गळून पडूं न देण्याचें. तें पिनेसारख्या अडसरानें होतें. पिन सांधा घट्ट ठेवीत नाहीं आणि नुसती कसणी नटास कायमची राखीत नाहीं. ज्या सांध्याचा नट पडला असतां मनुष्याचा जीव जाईल, तेथें दोन्ही कामांची तजवीज पाहिजे.

आतां प्रचारांतील प्रकार पाहूं.

(१) स्प्रिंग वॉशर, ज्यास आपण वायसर म्हणतों. पुरता कसल्यावर तो सपाट होतो व आडव्या धक्क्यांपुढें त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. चिखलपत्रा किंवा दिव्याची पट्टी बसविण्यास तो ठीक. स्टिअरिंगच्या सांध्यास केवळ त्याचा भरंवसा धरूं नये.

(२) नायलॉक नट. याच्या तोंडाशीं नायलॉनचें कडें असतें व तें आट्यांस घट्ट धरतें. बोल्टाचे एकदोन आटे कड्याच्या बाहेर आले पाहिजेत. सुमारें १२० अंश सेंटिग्रेडच्या वर नायलॉनची पकड जाते. म्हणून ब्रेकच्या ड्रमजवळ किंवा सायलेन्सरजवळ तो वापरूं नये. एकदां काढलेला नट अशा जोखमीच्या जागीं पुन्हां घालूं नये.

(३) कॅसल नट व स्प्लिट पिन. किल्ल्याच्या बुरुजाप्रमाणें माथ्यावर खांचा असलेला हा नट बोल्टाच्या आडव्या भोकांतून घातलेल्या पिनेनें अडतो. पिन शाबूत आहे तोंपर्यंत हा नट पडत नाहीं. टाय रॉड व ड्रॅग लिंक यांच्या बॉल जॉइंटांस पुष्कळ ट्रॅक्टरांवर हाच असतो, तो याच कारणानें.

(४) चेक नट. टाय रॉडची लांबी कायम राखण्यास जो दुसरा नट आवळतात तो हा. चाकांचें अलाइनमेंट केल्यावर तो आवळावयाचा राहून जातो. याकडे मालकानें स्वतः पाहावें.

कॅसल नट बसवितांना पुढील नियम पाळावे. बॉल जॉइंटची निमुळती दांडी व तिचें घर कोरडें पुसावें. तेथें ग्रीस लावूं नये. नट कारखान्याच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें कसावा. खांच भोकासमोर न आल्यास नट पुढच्या खांचेपर्यंत आणखी कसावा, मागें कधींही सोडूं नये. याला अपवाद पुढील चाकाच्या बेअरिंगचा: तेथें नट कसून मग चाक मोकळें फिरेल इतका पुस्तकाप्रमाणें सैल करावा लागतो. पिन भोकांत बरोबर मावणारी व दर वेळीं नवी असावी. खिळा, तार किंवा वेल्डिंगची कांडी हीं पिनेचें काम करीत नाहींत. नट वेल्डिंगनें चिकटविणें तर फारच वाईट. त्या उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें आणि दांडीच मोडते.

पाट्यांच्या यू-बोल्टांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा सर्व भार कसणीवर असतो. ते ढिले पडले तर पाट्यांमधील मधला बोल्ट तुटतो, आंस तिरका सरकतो व ट्रॉली रस्ता सोडते. नवे यू-बोल्ट घातल्यावर भरल्या गाडीची पहिली खेप होतांच ते पुन्हां मापानें कसावे.

बोल्ट बदलतांना त्याच्या माथ्यावरील आंकडे पाहावे. ८.८ याचा अर्थ दर चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटन ताण सोसणारें पोलाद, १०.९ याहून बळकट. मूळ बोल्ट ज्या प्रतीचा असेल तिच्याहून हलका घालूं नये. तसेंच अर्ध्या इंचाचा नट १२ मिलिमीटरच्या बोल्टावर चढतो खरा, पण ढिला बसतो व आटे सोलून निघतो. नट व बोल्ट एकाच मापाचे घ्यावे.

शेवटीं तपासणी. हंगामांत दर आठवड्यास गाडी धुवावी. इंजिन बंद करून चाकांस दगड लावावे. एकानें स्टिअरिंग थोडें डावें-उजवें हलवावें व दुसऱ्यानें प्रत्येक सांधा हातानें चाचपावा. ढिला सांधा हातास कळतो. कसलेल्या नटावरून दांडीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली कीं नट फिरला असें समजावें.

एका पिनेची किंमत चहाच्या पेल्याहून कमी आहे. प्रत्येकानें चार पिना घरांत बाळगाव्या आणि उद्यां ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वीं एकवार खालीं वांकून पाहावें, इतकीच विनंति आहे.