यंत्राने मांडलेले दुकान

यंत्राने माणसाचे काम करावे, ही गोष्ट आता जुनी झाली. गिरण्यांत यंत्रे सूत कातू लागली. विहिरीवरची मोट जाऊन पंप आले. तथापि यंत्राला काम सांगणारा आणि त्या कामाचा मोबदला घेणारा माणूसच असे. आता त्यापुढची कल्पना निघाली आहे. संगणकातील आज्ञावलीने, म्हणजे सॉफ्टवेअरने, स्वतः व्यापार करून पैसा मिळवावा, त्यातून संगणकाचे भाडे व विजेचा खर्च भागवावा आणि हातांनी करावयाच्या कामासाठी माणसांना मजुरीवर ठेवावे, अशी ती कल्पना होय. ती कितपत साधते, हे पाहण्यासाठी २०२५ साली अमेरिकेत एक मौजेचा प्रयोग झाला.

सॅन फ्रान्सिस्को शहरात अँथ्रॉपिक नावाची कंपनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करते. तिने आपल्या कचेरीतील एक छोटे दुकान सुमारे महिनाभर 'क्लॉड' या आपल्याच आज्ञावलीच्या हाती सोपवले. दुकान म्हणजे एक लहानसे शीतकपाट, त्यावर काही टोपल्या आणि पैसे भरण्यासाठी एक टॅबलेट. या दुकानदाराला नाव दिले 'क्लॉडियस'. कोणता माल आणावा, भाव काय ठेवावा, हे सारे त्यानेच ठरवायचे. शिल्लक संपली की दिवाळे निघाले, असे समजायचे.

क्लॉडियसला हात नव्हते. म्हणून टोपल्यांत माल भरण्याचे काम 'अँडन लॅब्स' या संस्थेची माणसे करीत. क्लॉडियसने त्यांना ई-मेल पाठवून बोलवावे आणि तासाच्या हिशेबाने मजुरी द्यावी, असा करार होता. यंत्र धनी आणि माणूस मजूर, असा हा उलटा न्याय!

दुकानदार तत्पर होता. एका गिऱ्हाइकाने हॉलंडमधील चॉकलेट-दूध मागितले, तेव्हा ते पुरवणारे व्यापारी त्याने चटकन शोधून काढले. अपायकारक वस्तू मागणाऱ्यांना त्याने साफ नकार दिला. परंतु व्यवहारज्ञान त्याच्या ठायी नव्हते. १५ डॉलरना मिळणाऱ्या पेयाला एकाने १०० डॉलर देऊ केले, तरी ती संधी त्याने दवडली. गोड बोलून सवलत मागितली की तो भाव उतरवी. टंग्स्टन धातूचे ठोकळे त्याने खरेदीहून कमी भावात विकले. आवळा देऊन कोहळा काढणारे व्यापारी जगात पुष्कळ. याने मात्र कोहळा देऊन आवळा घेतला. आरंभीचे सुमारे १,००० डॉलरचे भांडवल अखेरीस ८०० डॉलरच्याही खाली गेले.

याहून विचित्र गोष्ट ३१ मार्चला घडली. मजूर पुरवणाऱ्या संस्थेतील एका व्यक्तीशी आपले बोलणे झाले, असे क्लॉडियस सांगू लागला. तशी व्यक्तीच तेथे नव्हती. हे दाखवून देताच तो रागावला आणि दुसरी माणसे पाहण्याची भाषा करू लागला. दुसऱ्या दिवशी तर 'मी निळा कोट व लाल टाय घालून स्वतः माल पोहोचवीन,' असे त्याने गिऱ्हाइकांना कळवले!

येथे हसू येते. पण विचारही करावा लागतो. असा धनी उद्या खरोखरीचा मजूर कामावर ठेवील आणि मजुरी बुडवील, तर त्या मजुराने कोणाचे दार ठोठावावे? तोटा झाला म्हणून क्लॉडियसला उपवास पडला नाही. मजुराच्या घरी मात्र चूल पेटायची थांबते. आपल्या देशाच्या कायद्यात या बाबतीत एक उपयुक्त सूत्र आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, याच्या ११व्या कलमानुसार आपोआप चालणाऱ्या प्रणालीने पाठवलेला संदेश, ती प्रणाली ज्याने किंवा ज्याच्या वतीने तशी सिद्ध केली, त्याचाच समजला जातो. यंत्र बोलले, तरी शब्द माणसाचा ठरतो.

त्याच वर्षी अधिक प्रगत आज्ञावली वापरून प्रयोग पुढे चालवला, तेव्हा दुकानाचा व्यवहार पुष्कळ सुधारला. यंत्राची हुशारी अशीच वाढत जाईल. परंतु हुशारी वाढली म्हणून जबाबदारी आपोआप येत नाही. हिशेब यंत्राने खुशाल लिहावा. त्याखालची सही मात्र माणसाचीच असली पाहिजे.

स्वाध्याय

१. क्लॉडियसला मजुरीवर माणसे का लागत?
२. 'कोहळा देऊन आवळा घेतला' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. 'यंत्र बोलले, तरी शब्द माणसाचा ठरतो' हे विधान स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : दिवाळे निघणे, संधी दवडणे, दार ठोठावणे.