सिंहगडाची फेरी : निम्मे बळ उतारासाठी

धायरीकरांना सिंहगड जवळचा, म्हणून रविवारी आपण सहज निघतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंत चढ, मग कल्याण दरवाजा आणि तानाजी कडा पाहत माथ्यावर वळसा, शेवटी त्याच वाटेने उतार. अशी ही फेरी. आपण फक्त चढाचा विचार करतो. पण उतरताना गुडघ्यांवर भार येतो आणि थकलेला पाय घसरतो. म्हणून माथ्यावर पोहोचेपर्यंत निम्मे बळ शिल्लक ठेवू या.

चढताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली की थांबावे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. मधुमेहासाठी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, चक्कर जाणवताच ती खावी. छातीत दुखले किंवा हातात कळ आली, तर तिथेच बसावे. सोबत्यांनी १०८ ला फोन करावा.

पूर्ण फेरी जमत नसेल त्याने अर्ध्यातून परतावे, सोबत एकाने यावे. त्यात कमीपणा नाही.